बाजूचा वारा, चाकांची आवरणे आणि वाहनाला होणारा हवेचा रोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकल, मोटार, ट्रक आणि सौर वाहने यांच्या वायुगतिकीविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी रचना आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवेचा रोध म्हणजे नेमके काय, आणि वेग वाढला की तो इतका झपाट्याने का वाढतो?

चालते वाहन हवेला बाजूला सारत जाते. पुढच्या अंगावर हवेचा दाब वाढतो, मागच्या अंगाला तो घटतो आणि या फरकामुळे वाहन मागे ओढले जाते. पृष्ठभागावरून घासत जाणाऱ्या हवेच्या घर्षणाची त्यात थोडी भर पडते. हे बल चार गोष्टींवर ठरते : हवेची घनता, वाहनाचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, आकाराचा चांगलेवाईटपणा सांगणारा रोधगुणांक आणि हवेच्या तुलनेत असलेल्या वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते, आणि वारा नसताना ते बल पेलायला लागणारी शक्ती आठपट होते. एक उदाहरण घेऊ. रोधगुणांक ०.३ आणि समोरचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर असलेल्या मोटारीला ताशी १०० किलोमीटर वेगाने साधारण २८० न्यूटन रोध होतो, म्हणजे केवळ हवेला सारण्यासाठी सुमारे ७.७ किलोवॅट खर्च होतात. टायरांचा लोळणरोध हा वेगळा हिशेब आहे.

२. वारा अगदी काटकोनात बाजूने वाहत असेल, तर तो पुढे जाण्यात अडथळा कसा करतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि पुढचे जवळजवळ सगळे विवेचन त्याच्या उत्तरावर उभे आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला जो वारा लागतो तो वाहनाला तसाच लागत नाही. वाहनाच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारी हवा आणि बाजूचा वारा यांची सदिश बेरीज होऊन जो एकच तिरपा प्रवाह तयार होतो, तो वाहनाला लागतो. या प्रवाहाने वाहनाच्या अक्षाशी केलेल्या कोनाला येथे ‘वाऱ्याचा कोन’ म्हटले आहे.

समजा, मोटार सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि काटकोनातून सेकंदाला ५ मीटर वारा वाहत आहे. तर तिरप्या प्रवाहाचा वेग सेकंदाला २५.५ मीटर होतो आणि कोन ११.३ अंश येतो. त्याच वाऱ्यात सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारासाठी तो कोन २६.६ अंश होतो. वाहन जितके सावकाश, तितका कोन मोठा.

याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे प्रवाहाचा एकूण वेग वाढतो. वेगाचा वर्ग मोटारीसाठी ४ टक्क्यांनी वाढतो, तर सायकलसाठी तब्बल २५ टक्क्यांनी. प्रवाहाच्या दिशेने लागणारे हे वाढीव बल तिरपे असल्यामुळे त्याचा काही भाग वाहनाला बाजूला ढकलण्यात जातो, परंतु पुढे जाण्याला विरोध करणारा भागही आधीपेक्षा मोठाच राहतो. दुसरा परिणाम बहुतेक मोटारींसाठी पहिल्याहून महत्त्वाचा आहे. वाहनाचा आकार समोरून येणाऱ्या हवेसाठी घडवलेला असतो, आणि तिरप्या प्रवाहात तीच वळणे चुकीच्या कोनात सापडतात. आडोशाच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध, बाजूला प्रवाह पृष्ठभाग सोडून देतो, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरून भोवरे निघतात, वाहनामागची कमी दाबाची पोकळी विस्कटते आणि रोधगुणांकच वाढतो. म्हणूनच किंचित मागून येणारा आडवा वारासुद्धा निवांत हवेच्या तुलनेत रोध वाढवू शकतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते.

३. जाताना वारा समोरून लागला तरी येताना तो पाठीशी असतो. मग हिशेब बरोबरीत सुटत नाही का?

नाही. रोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा असतो. सेकंदाला २५ मीटर वेगाच्या मोटारीला जाताना ३० मीटर आणि येताना २० मीटर वेगाची हवा लागली, तर वर्गांची सरासरी (९०० + ४००) ÷ २ म्हणजे ६५० येते. निवांत हवेत ती ६२५ असती. वारा आडवा असेल, तर जाता-येता दोन्ही वेळा तोटाच होतो. याला अपवाद आहे, तो प्रश्न ८ मध्ये पाहावा.

४. चाके एवढीशी असतात. एकूण रोधात त्यांचा वाटा कितीसा असणार?

प्रवासी मोटारीत चाके आणि चाकांच्या खोबणी (गाडीच्या अंगातील चाके बसवण्याच्या पोकळ्या) मिळून हवेच्या एकूण रोधाचा ढोबळमानाने एक चतुर्थांश भाग होतो. छत आणि खिडक्या गुळगुळीत होत गेल्या तसे हे प्रमाण अधिकच डोळ्यांत भरू लागले.

चाक हे फिरणारे आणि जमिनीला टेकलेले अंग आहे, आणि त्याचा रोध इतका मोठा असण्याचे मूळ तेथेच आहे. जमिनीला टेकलेल्या बिंदूचा वेग शून्य असतो, आसाचा वेग वाहनाइतका असतो, तर टायरचा माथा वाहनाच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. ताशी ९० किलोमीटरने चाललेल्या मोटारीच्या टायरचा माथा ताशी १८० किलोमीटरने हवा कापतो. म्हणून चाकाचा वरचा भाग झाकणे खालचा भाग झाकण्यापेक्षा कितीतरी पटीने लाभदायक ठरते. साध्या मडगार्डच्या आकारातही या गोष्टीचा विचार करावा लागतो.

खाली, जेथे टायर जमिनीला भिडतो त्या पाचरीत, हवा फिरता टायर आणि जमीन यांच्यामध्ये चेपली जाते आणि दोन्ही बाजूंना जोराने फेकली जाते. हे फवारे गाडीच्या बाजूच्या प्रवाहाला धक्का देतात. शिवाय मोटारीच्या नाकाखाली शिरलेली हवा बाहेरच्या दिशेने पसरत जाते. त्यामुळे वारा मुळीच नसतानासुद्धा पुढच्या टायरना हवा सरळ न लागता तिरपी लागते. गाडीच्या अंगाला शून्य अंशाचा प्रवाह मिळत असताना टायर आधीच तिरप्या प्रवाहात उभा असतो, हे लक्षात घेतले की प्रश्न ६ चे उत्तर सोपे होते.

याशिवाय चाकाचे आरे पंख्याच्या पात्यांसारखी हवा घुसळतात. ही शक्ती गाडीला मागे ओढणाऱ्या बलात दिसत नाही, चाक फिरवायला लागणाऱ्या जादा जोरात दिसते. म्हणून केवळ मागे ओढणारे बल मोजणाऱ्या चाचणीत ती निसटू शकते.

५. ‘चाकांची आवरणे’ म्हणजे नेमके काय काय?

एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. चाकाबरोबर फिरणारी सपाट तबकडी, म्हणजे सायकलची डिस्क किंवा मोटारीच्या अलॉय चाकावर बसणारे बंद कव्हर; मोटारीच्या अंगाला जोडलेला आणि चाकाची खोबण बाहेरून झाकणारा पडदा, जो १९५५ च्या सिट्रोएन डीएसच्या मागच्या चाकांवर अर्धवट आणि १९९६ च्या जनरल मोटर्स ईव्ही१ वर बराचसा दिसतो (त्या गाडीचा रोधगुणांक ०.१९ होता); टायरच्या पुढे तळाला लावलेली लहानशी उभी पट्टी, जी खालून येणारी हवा टायरच्या आडून वळवते; आणि संपूर्ण चाकाला थेंबाच्या आकारात गुंडाळणारे आवरण, जे सौर वाहनांवर, वेगविक्रमाच्या वाहनांवर व लहान विमानांच्या चाकांवर असते. या चारही गोष्टी बाजूच्या वाऱ्यात वेगवेगळ्या वागतात, म्हणून ‘आवरणाने फायदा होतो का?’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग होत नाही.

६. बाजूचा वारा असताना आवरणांचा फायदा वाढतो की घटतो?

पडदा आणि पट्टी यांच्या बाबतीत सहसा वाढतो. थेंबाकार आवरणाच्या बाबतीत ते आवरणाच्या घडणीवर अवलंबून असते.

उघडे चाक तिरप्या प्रवाहात काय करते ते आधी पाहू. वाऱ्याकडच्या बाजूला बाहेरून येणारी हवा नाकाखालून बाहेर पसरणाऱ्या हवेला अडवते, त्यामुळे त्या टायरला लागणारा स्थानिक कोन थोडा कमी होतो. आडोशाच्या बाजूला मात्र दोन्ही एकाच दिशेने वाहतात आणि तेथील टायर अधिकच तिरप्या प्रवाहात सापडतो. एका बाजूला थोडी बचत, दुसऱ्या बाजूला मोठा तोटा, आणि जोडीला खोबणीतून आरपार वाहू पाहणारी हवा. खोबण बाहेरून झाकली की हा आरपार मार्ग बंद होतो आणि आडोशाच्या बाजूला सुटू पाहणाऱ्या प्रवाहाला चिकटून राहायला अखंड पृष्ठभाग मिळतो. म्हणून निवांत हवेत नगण्य वाटणारा पडदा ५ ते १० अंशांच्या कोनात आपली किंमत दाखवतो.

थेंबाकार आवरणाची गोष्ट नाजूक आहे. पातळ आणि टोकदार नाकाचे आवरण शून्य अंशाला सुरेख आकडा देते, परंतु काही अंशांनंतर नाकाशीच प्रवाह सुटतो आणि रोध एकदम उसळतो. नाक जाड आणि गोल ठेवले, तर शून्य अंशाला किंचित जास्त किंमत मोजावी लागते, पण तिरप्या वाऱ्यात ते तग धरते. माझे स्पष्ट मत असे आहे की उघड्या रस्त्यावर चालणाऱ्या वाहनासाठी नेहमी दुसराच पर्याय निवडावा. शून्य अंशाचा वारा रस्त्यावर क्वचितच भेटतो, आणि केवळ त्या एका कोनासाठी आकार घासत बसणे म्हणजे कधीही न येणाऱ्या दिवसाची तयारी करण्यासारखे आहे.

७. ट्रकना बाजूच्या वाऱ्याचा त्रास जास्त का होतो?

कारण ट्रक हे एक अंग नसून दोन ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. सरळ हवेत केबिनच्या आडोशामुळे ती फट बरीचशी शांत राहते. वारा तिरपा झाला की हवा फटीतून आरपार वाहते आणि ट्रेलरच्या पुढच्या सपाट भिंतीवर आदळते. तळाशीही तसेच होते. ट्रेलरखालची मोकळी जागा, आस आणि उघडी चाके तिरप्या वाऱ्याला आयती सापडतात. केबिनच्या कडांना मागे वाढवणारे पडदे आणि ट्रेलरच्या बाजूंना खाली सोडलेल्या लांब पट्ट्या यांचे मुख्य काम हेच मार्ग बंद करणे आहे. त्यांची चाचणी केवळ शून्य अंशाला केली, तर त्यांच्यावर अन्याय होतो. अमेरिकेच्या अवजड वाहनांच्या नियमांत वाऱ्याची सरासरी धरण्यासाठी ४.५ अंशांचा प्रातिनिधिक कोन वापरला जातो, तो याच कारणाने.

८. बाजूच्या वाऱ्याने रोध कमी होतो, प्रसंगी वारा पुढे ढकलतो, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, पण मोजक्याच आकारांसाठी. शिडाची होडी आडव्या वाऱ्यावर पुढे जाते तेच तत्त्व येथे लागू होते. तिरप्या प्रवाहात सडपातळ अंगावर प्रवाहाच्या काटकोनात एक बल निर्माण होते, आणि प्रवाहच तिरपा असल्यामुळे त्या बलाचा छोटासा भाग पुढच्या दिशेला असतो. १० अंशांच्या कोनात हा भाग त्या बलाच्या सुमारे १७ टक्के भरतो. काटकोनातील बल रोधाच्या साधारण ५.७ पटींहून अधिक असेल, तरच निव्वळ बल पुढच्या दिशेने लागते. मोटारीसारख्या बोजड आकाराला हे प्रमाण गाठता येत नाही. सायकलची डिस्क, खोल कडेची रिम, सौर वाहनाचे उभे थेंबाकार आवरण किंवा पूर्ण झाकलेली पडून चालवायची सायकल यांना काही कोनांपर्यंत ते जमते. कोन आणखी वाढला की प्रवाह सुटतो आणि सगळा लाभ एका झटक्यात नाहीसा होतो.

मानवी शक्तीवरील वाहनांच्या वेगविक्रमांत वारा ताशी ६ किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. केवळ पाठीशी असलेल्या वाऱ्याला आळा घालून भागले नसते, कारण आडवा वाराही फुकटचा जोर देऊ शकतो. नेवाडातील बॅटल माउंटन येथे २०१६ साली टॉड रायकर्ट यांनी ‘ईटा’ या पूर्णपणे झाकलेल्या वाहनातून ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला, तोही अशाच बंधनाखाली.

९. असे असेल, तर सायकलच्या दोन्ही चाकांना डिस्क का लावत नाहीत?

बंदिस्त ट्रॅकवर लावतात, कारण तेथे वारा नसतो. रस्त्यावर पुढच्या डिस्कवर पडणारे बाजूचे बल थेट हँडल फिरवू पाहते. या बलाचा केंद्रबिंदू कोनाप्रमाणे पुढेमागे सरकत असल्यामुळे प्रत्येक झोताला हँडलवरचा ओढा बदलतो आणि स्वार तो सावरण्यातच दमतो. मागचे चाक चौकटीत स्थिर असते, म्हणून तेथील डिस्क सुसह्य असते. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझर यांनी मेक्सिको सिटीत डिस्क चाकांवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले आणि ही चाके जगाच्या नजरेत भरली. पण विक्रमाचा ट्रॅक वेगळा आणि वाऱ्याचा खुला रस्ता वेगळा.

१०. आवरणांमुळे वाहन वाऱ्यात धोकादायक होते का?

होऊ शकते, आणि हा मुद्दा रोधाच्या कोणत्याही आकड्याहून गंभीर आहे. वाऱ्याच्या बाजूच्या बलाचा केंद्रबिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे असेल, तर वाहनाचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, कोन वाढतो, बल आणखी वाढते. गोलाकार, गुळगुळीत आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या आकारांत हा केंद्रबिंदू फार पुढे जातो. जर्मनीत कार्ल श्लोर यांनी १९३९ मध्ये तयार केलेल्या मोटारीची चारही चाके अंगाखाली झाकलेली होती आणि तिचा रोधगुणांक ०.१८६ इतका कमी होता. बाजूच्या वाऱ्यापुढे मात्र ती फार हळवी होती. रेसच्या मोटरसायकलींवर पुढचे चाक पूर्ण गिळणारी मोठी आवरणे असत, ती १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने बंद केली, आणि वाऱ्यातील अस्थिरता हे त्यामागचे एक मोठे कारण होते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन ते ॲडलेड या सौर वाहनांच्या शर्यतीत आघाडीवर असलेले नेदरलँड्सच्या ट्वेंटे संघाचे वाहन जोरदार झोताने रस्त्याबाहेर गेले.

आवरण मागच्या चाकांवर असेल, तर ते बाजूचे क्षेत्रफळ मागे वाढवते आणि स्थैर्याला बहुधा मदतच करते. पुढच्या चाकांवरील मोठ्या आवरणांबाबत सावध राहावे.

११. माहितीपत्रकात छापलेला रोधगुणांक माझ्या रस्त्यावर लागू पडतो का?

तो आकडा सहसा शून्य अंशाचा असतो. रस्त्यावर मोटार सोडून देऊन ती किती वेळात मंदावते हे मोजण्याच्या अधिकृत चाचणीतही आडव्या वाऱ्याचा घटक सेकंदाला २ मीटरच्या आत लागतो, म्हणजे वाऱ्याच्या दिवसाचे चित्र त्यात येतच नाही. दोन मोटारींची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, पण वाऱ्याच्या प्रदेशातील खर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

उलट्या दिशेची चूकही होते. हवामान केंद्रांचा वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. मोकळ्या गवताळ मैदानात १ मीटर उंचीवर त्याचा साधारण ६० टक्के आणि ३० सेंटिमीटरवर ४० टक्केच भाग उरतो. त्यामुळे ट्रकच्या छताला लागणारा कोन आणि त्याच्याच चाकांना लागणारा कोन यांत मोठा फरक असतो. केंद्राचा आकडा जसाच्या तसा चाकांना लावला, तर आवरणांचा फायदा अवाच्या सव्वा निघतो.

१२. वातबोगदा (विंड टनेल) नसताना स्वतः केलेले आवरण कसे तपासावे?

लोकरीचे ७–८ सेंटिमीटरचे धागे एका टोकाला चिकटपट्टीने आवरणावर आणि त्याच्या मागे ओळीने लावावेत आणि शेजारच्या वाहनातून चित्रण करावे. जेथे धागा पृष्ठभागाला लागून मागे ताठ राहतो, तेथे प्रवाह चिकटलेला आहे. जेथे तो थरथरतो, उभा राहतो किंवा चक्क पुढच्या दिशेला वळतो, तेथे प्रवाह सुटलेला आहे. वाऱ्याच्या दिवशी आडोशाच्या बाजूचे धागे आवर्जून पाहावेत. नाकामागच्या पहिल्या बोटभर अंतरातच धागे उलटे फिरताना दिसले, तर नाक फार टोकदार आहे असे समजावे.

आकड्यांसाठी सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला वाहन न्यूट्रलमध्ये सोडून मंदावण्याचा वेळ मोजावा. दोन्ही दिशांना आलटून पालटून, आवरणासह आणि आवरणाविना, अनेक फेऱ्या कराव्यात. टायरचा दाब आणि तापमान बदलले की निकाल बिघडतो. रस्ता रहदारीसाठी बंद असेल, तेव्हाच हा प्रयोग करावा.

१३. चाके झाकलेल्या मोटारींत बहुधा फक्त मागचीच चाके झाकलेली का असतात?

पुढची चाके वळतात, त्यामुळे त्यांना झाकायचे तर अंग रुंद करावे लागते आणि वाढलेले क्षेत्रफळ बचत खाऊन टाकते. शिवाय ब्रेकच्या उष्णतेचा मोठा भाग पुढे निर्माण होतो आणि ती घालवायला हवा लागते. चिखल व बर्फ साचणे आणि पंक्चरच्या वेळी आवरण काढावे लागणे या अडचणी मागेही आहेतच.

१४. आवरण लावल्यावर रोध उलट वाढला. असे होऊ शकते का?

होय, आणि त्याची तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. पहिले, आवरण आणि टायर यांच्यातील फट जास्त राहिली, की आवरणाच्या पोटात हवा कोंडून घुसळली जाते आणि खालून बाहेर फेकली जाते. दुसरे, टायरपुढची पट्टी गरजेपेक्षा रुंद किंवा खोल केली, की तिचा स्वतःचा रोध टायरच्या बचतीपेक्षा मोठा होतो. पट्टी टायरच्या रुंदीपेक्षा फारशी मोठी असू नये. तिसरे कारण शोधायला अवघड असते. चाकामागून निघणारा प्रवाह गाडीच्या शेपटाजवळच्या पोकळीशी जोडलेला असतो, आणि चाक झाकल्याने तो प्रवाह बदलून शेपटाजवळचा दाब घटू शकतो. अशा वेळी आवरणात दोष नसतो, शेपटाचा आकार नव्या प्रवाहाला जुळवून घ्यावा लागतो. आवरण काढून टाकण्यापूर्वी प्रश्न १२ मधील धाग्यांची तपासणी मागच्या काचेवर आणि मागच्या कडांवरही करून पाहावी.